दहाव्याचे टिपणीस

आमच्या वर्तकनगरात टिपणीसांचा फोन आला की माणसं 'हॅलो' म्हणायच्या आधी 'कोण?' म्हणायची. म्हणजे कोण गेलं? टिपणीसांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते नाव सांगायचे, इमारत सांगायचे, किती वाजता काढायचं ते सांगायचे आणि फोन ठेवायचे. एकदा त्यांनी माझ्या वाढदिवसाला शुभेच्छा द्यायला म्हणून घरी फोन केला, तर नाव बघूनच माझी बायको मटकन खुर्चीत बसली. तिचे वडील तेव्हा आजारी होते. नंतर कितीतरी दिवस ती म्हणायची, त्या माणसाला सांगा, चांगली बातमी असेल तर कागदावर लिहून पाठवा.

माझं कॉलनीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. कुणी गेलं की त्या घरचं माणूस आणि टिपणीस असे दोघं माझ्याकडे येणार, हे ठरलेलं. मृत्यूच्या दाखल्याच्या कॉप्या, आधार कार्डाच्या कॉप्या, बँकेचं काय काय. घरचा माणूस भांबावलेला असायचा. टिपणीस त्याच्या हातात एकेक कागद देऊन 'हा लाव, आता हा लाव' असं त्याच्याकडूनच सगळं करून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, काका, द्या ना मी करतो भराभर. तर मला डोळ्यांनीच गप्प केलं. नंतर म्हणाले, "रडणाऱ्याला काम द्यावं रे विलास. रिकामा बसवला की तो बुडतो."

ते वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. कंपनीला कुलूप लागलं तेव्हा जे मिळालं ते घेऊन घरी बसले. घरी बसले म्हणायचं आपलं. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि खिशात एक पेन्सिल, जिचं आता काही काम नव्हतं. तिरडीचे बांबू ते नजरेनं मापायचे. गाठ कशी मारायची, मडकं कुणी धरायचं, खांदा बदलताना कुणी कुठे यायचं, हे सगळं त्यांच्या हुकमानं चालायचं. आणि स्मशानातून आल्यावर अंघोळ करून माझ्या दुकानासमोरच्या गाडीवर ते भरपेट वडापाव खायचे. लोकांना ते विचित्र वाटायचं. "भूक लागते," ते म्हणायचे, "खोटं कशाला बोला?"

मला त्यांचा राग यायचा तो एका गोष्टीचा. आपल्याशिवाय कुणाचं मरण नीट होणार नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. ती खरी होती, हा भाग वेगळा.

त्यांचं खरं कसब दहाव्याला दिसायचं. घाटावर पिंड ठेवलेत, कावळा येत नाहीये, ऊन चढतंय, भटजी घड्याळ बघतायत. घरची माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, काहीतरी राहिलंय. कुणीतरी पुढे होऊन म्हणतो, मुलीचं लग्न करून देऊ. कावळा ढिम्म. दुसरा म्हणतो, गावचं घर विकणार नाही. तरी नाही. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि काम आटोपतात. आटोपतं खरं, पण घरातली बाई ते जन्मभर विसरत नाही. टिपणीसांना दर्भाच्या कावळ्याची चीड होती. ते पुढे व्हायचे, शर्ट नीट करायचे आणि गेलेल्या माणसाला नावानं हाक मारून खणखणीत आवाजात शब्द द्यायचे. आणि कावळा यायचा. जवळजवळ दर वेळी यायचा. माझ्या वडिलांच्या वेळीही आला. 'दुकान विलास चालवेल, बाहेरच्याला देणार नाही' असं टिपणीसांनी म्हटलं आणि आला. माझ्या मनात तेव्हा दुकान विकायचं होतं. आज मी दुकानातच बसून हे लिहितो आहे.

श्रीधर वैद्य म्हणून त्यांचा कंपनीतला मित्र होता. डोंबिवलीला राहायचा. कंपनी बंद पडल्यावर तो एका दुकानात हिशेब लिहायला जायचा आणि तिथेच एका दुपारी टेबलावर डोकं टेकवून गेला. पन्नाशीही झाली नव्हती. मागे बायको सुनंदा आणि शाळेत जाणारा मुलगा निखिल. तेव्हा माझ्याकडे व्हॅन होती, त्यामुळे दहाव्याला टिपणीसांना घेऊन मीच गेलेलो.

त्या दिवशी कावळा हटून बसला होता. घाटावरच्या झाडावर बसून नुसता बघत होता. वैद्यांचे मोठे भाऊ बोलले, मामा बोलले, निखिल रडत रडत 'बाबा, मी इंजिनियर होईन' म्हणाला. काही नाही. सुनंदा वहिनी बायकांच्यात मागे उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. त्या मोठ्या भावानं टिपणीसांच्या कानात काहीतरी सांगितलं. श्रीधरचा बायकोवर फार जीव होता, असं काहीसं. टिपणीस पुढे झाले आणि म्हणाले, "श्रीधर, काळजी करू नकोस. वहिनी तुझ्याच राहतील. दुसऱ्या कुणाच्या होणार नाहीत. हा माझा शब्द."

कावळा उतरला, पिंडाला चोच मारली आणि भाताचं शीत घेऊन गेला. बायकांमध्ये एकच हुंदका फुटला. सुनंदा वहिनी मात्र रडल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि त्यांचे खांदे खाली आले.

परत येताना मी व्हॅनमध्ये म्हटलं, काका, तुम्हाला कसं कळतं हो कशात जीव अडकलाय ते? ते हसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. कुठे बोलू नकोस. अरे, कावळा माणसाला भितो. आपण सगळे पिंडाला खेटून उभे. तो येईल कसा? 'मागे सरा, मागे सरा' म्हणून ओरडलं तर कुणी सरत नाही. पण मोठ्यानं शब्द दिला की सगळे हात जोडतात, डोळे मिटतात आणि आपोआप दोन पावलं मागे जातात. त्याला वाट मिळते, तो येतो. भुकेला असला तर. उशीर झाला की या घाटावरचे कावळे जेवलेले असतात, म्हणून मी सकाळी लवकर चला म्हणून सगळ्यांच्या मागे लागतो."

"आणि शब्द?"

"शब्द घरच्यांसाठी. घरी जाऊन त्यांना झोप लागावी म्हणून."

मी विचारलं, माझ्या वडिलांच्या वेळीही असंच का? ते म्हणाले, "तुझे वडील निवांत गेले रे. ते मला चेहऱ्यावरूनच कळलेलं." मला ते पटलं नाही, पण पटवून घेतलं. माझ्या आईला मात्र हे मी कधी सांगितलं नाही.

*

टिपणीसांच्या बायकोचं नाव मालती. तिला किडनीचा आजार होता. डायलिसिस काही वर्षं चाललं. डॉक्टरांनी तिला पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, तर टिपणीसांनी एक लहानसा स्टीलचा पेला आणला आणि स्वतःही दिवसभर त्याच पेल्यानं, तेवढंच पाणी प्यायला लागले. भर उन्हाळ्यात दुकानात आले तरी पाण्याची बाटली नको म्हणायचे. "ती तिकडे घसा कोरडा करून बसलीय, मी इथे ढोसू?" मालती वहिनींना हे आवडायचं नाही. त्या म्हणायच्या, यांना काही झालं तर मला डायलिसिसला नेणार कोण?

त्या गेल्या. टिपणीसांनी कुणालाही फोन केला नाही. मी केले. त्यांनी त्या दिवशी एकाही गोष्टीत हुकूम सोडला नाही, सांगितलं तिथे उभे राहिले, सांगितलं तिथे बसले. रडणाऱ्याला काम द्यावं हे मला आठवत होतं, पण त्यांना काय काम द्यावं तेच मला सुचेना.

दहाव्याला मुलगी मुग्धा नाशिकहून आली होती, तिनं पिंड ठेवले. भटजींचा हात बाजूला होतो न होतो तोच कावळा आला. सगळ्यांना बरं वाटलं. पुण्यवान बाई, काही इच्छा राहिली नाही, असं जो तो म्हणत होता. टिपणीस घरी गेले नाहीत, माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले.

"एवढी कसली घाई होती रे तिला?" ते म्हणाले.

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

"काहीतरी राहिलं असेल की. माझी काळजी तरी. हा आता एकटा काय खाईल, काय करील... दोन मिनिटं तरी थांबावं की नाही?"

मी म्हटलं, काका, तुम्हीच सांगितलेलं ना, कावळा भुकेला असला की येतो.

"हो. ते आहेच," ते म्हणाले आणि चहा न घेताच उठले. मला त्या माणसाची त्या दिवशी पहिल्यांदा कीव आली.

त्यानंतर ते बोलावलं की जायचे, तिरडी बांधायचे, पण शब्द द्यायला पुढे होत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, घरच्या माणसानं बोलावं. दोन-तीन घरांत दर्भाचा कावळा लागला. लोक म्हणाले, टिपणीस आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.

मालती वहिनींच्या साड्यांचं कपाट तसंच होतं. मुग्धानं तिला हव्या त्या नेल्या आणि सांगितलं, बाकीच्या देऊन टाका. द्यायच्या कुणाला? तेव्हा त्यांना सुनंदा वैद्य आठवल्या. नवऱ्यामागे त्यांनी डोंबिवलीत घराच्या पुढच्या खोलीत फॉल-पिकोचं काम सुरू केलं होतं, त्यावर निखिलला इंजिनियर केलं होतं आणि आता त्या जुन्या साड्यांच्या गोधड्याही शिवून द्यायच्या. टिपणीस दोन पिशव्या भरून साड्या घेऊन गेले. गोधड्या करा आणि कुणा गरजूला द्या म्हणाले.

सुनंदाबाईंनी कात्री हातात घेतली नाही. एकेक साडी उलगडायची आणि विचारायचं, ही कधीची? टिपणीसांना आठवेना. ही? माहीत नाही. ही तरी? मुग्धाच्या लग्नातली असावी. त्या वैतागल्या. "इतकी वर्षं संसार केलात ना? मग बघत काय होतात?" असं म्हणून त्यांनी साड्या पुन्हा पिशवीत भरल्या आणि हातात दिल्या. "आठवून या. आठवेल तेवढीच फाडीन. न आठवता फाडलेली गोधडी मी शिवत नाही."

हे मला टिपणीसांनीच सांगितलं, आणि सांगताना ते हसत होते. वहिनी गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मग ते एकेक साडी घेऊन डोंबिवलीला जायला लागले. आधी मुग्धाला फोन, शेजारणीला विचारणं, जुने फोटो काढून बघणं. एकदा माझ्याकडे एक फोटो मोठा करून घ्यायला आले, त्यात मालती वहिनी कुठल्यातरी लग्नात पाठमोऱ्या उभ्या होत्या. "काठ बघायचाय," म्हणाले.

साड्या संपल्या तरी डोंबिवली संपली नाही. कधी तिकडे लागणाऱ्या सुयांचं पाकीट इकडे स्वस्त मिळतं, कधी मशीनचा पट्टा. मी चेष्टा करायचो. सात नंबरमधले कुलकर्णी गेले तेव्हा टिपणीसांचा फोन लागेना, ते डोंबिवलीत होते. अख्खी कॉलनी दुखावली. माणसानं आता मरायचं तरी कुणाच्या भरवशावर, असं कुलकर्ण्यांचा भाऊ माझ्या दुकानात उभा राहून म्हणाला. टिपणीस लाजले, पण दुसऱ्या दिवशी मलाच खाली आवाजात विचारलं, "विलास, डोंबिवलीत संध्याकाळी दोन माणसांना बसायला बरी जागा कुठे आहे रे?"

एकदा सुनंदाबाई ठाण्याला आल्या होत्या तेव्हा ते त्यांना दुकानात घेऊन आले. ठेंगणी बाई, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, बोलताना सवयीनं ओठ एका बाजूला दाबलेले, जणू अजून टाचण्या धरल्यात. "तुम्ही का ते झेरॉक्सवाले? हे सांगतात त्यावरून मला वाटलं चांगले जाडजूड असाल," असं म्हणाल्या. पूर्वी त्या त्यांना 'भावजी' म्हणायच्या, आता नुसतं 'टिपणीस' म्हणत होत्या. टिपणीस अजून 'वहिनी'च म्हणत होते. दुसरं काय म्हणायचं ते त्यांना सापडलं नव्हतं.

सगळं जुळून आलेलं होतं. निखिल पुण्याला नोकरीला होता, तो आला की टिपणीसांना मुद्दाम बोलावून घ्यायचा. "काका, तुम्ही दोघं एकत्र राहा ना," तो स्पष्टच म्हणाला, "लग्न करा, नाहीतर तसेच राहा, मला काही प्रॉब्लेम नाही. आई इकडे एकटी असते, मला टेन्शन येतं." मुग्धा आधी फोनवर रडली, मग म्हणाली, बाबा, तुम्ही एकटे नका राहू. पासष्टीला आलेल्या माणसाला इतकं सरळ कुणाचं होतं? टिपणीसांनी नवा शर्ट शिवला, पूर्ण बाह्यांचा, आणि विचारायला गेले.

संध्याकाळी ते दुकानात आले ते थेट स्टुलावर बसले.

"नाही म्हणाल्या?"

"मन नाही असं नाही म्हणाली. माझं मन आहे, असंच म्हणाली." मग बराच वेळ त्यांनी कॉप्यांच्या गठ्ठ्याची कड सारखी केली. "म्हणाली, तुम्हीच यांना शब्द दिलात आणि यांनी तो घेतला. सगळ्यांच्या देखत. आता तुम्हीच कसं विचारता?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग घाट आठवला.

"तुमच्या लक्षात होतं?" मी विचारलं.

"अरे, मी आजवर इतक्यांना शब्द दिलेत," ते म्हणाले. "घरी पोचेपर्यंत विसरलो असेन."

त्या विसरल्या नव्हत्या. उलट त्यावरच जगल्या होत्या. नवरा असा अचानक गेलेला, सकाळी डबा घेऊन गेला तो आलाच नाही, काही बोलणं नाही, निरोप नाही. पण दहाव्याला तो समाधानानं गेला, आणि कशानं समाधानी झाला तेही सगळ्यांनी ऐकलं. तेवढ्या बळावर त्यांनी मशीन चालवलं होतं. त्यांनी टिपणीसांना सांगितलं होतं, मला त्या शब्दाचा कधी जाच वाटला नाही, उलट बरं वाटायचं. तुम्ही यायला लागल्यापासून वाटायला लागला.

"मग सांगून टाका ना काय होतं ते," असं मी म्हणणार होतो. पण माझी आई आठवली. मी एवढंच म्हटलं, काका, मी माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

"हं," ते म्हणाले.

त्यांनी पुष्कळ दिवस कळ काढली. डोंबिवलीला जायचे, यायचे, काही बोलायचे नाहीत. मला दिसत होतं की ते आतल्या आत भाजले जातायत. सोडवायची किल्ली त्यांच्याच खिशात होती. मग दिवाळीनंतर कधीतरी त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी सुनंदाबाईंना सगळं सांगितलं. कावळा, भूक, डोळे मिटणं, दोन पावलं मागे जाणं, सगळं.

"रडल्या?" मी विचारलं.

"नाही. मशीनमध्ये दोरा ओवत होती, तो ओवून पुरा केला. मग म्हणाली, म्हणजे हे गेले की नाहीत? मी म्हटलं, वहिनी, मेलेला माणूस जातोच. म्हणाली, ते नाही विचारलं. त्या दिवशी तुम्हाला खात्री होती की नव्हती?" टिपणीसांनी माझ्याकडे बघितलं. "खोटं कसं बोलू? नव्हती म्हटलं."

"मग?"

"म्हणाली, मग इतकी वर्षं मी निवांत झोपले ती कशाच्या जोरावर? आणि मला जा म्हणाली."

त्यांना वाटलं होतं की गाठ सुटली की बाई मोकळी होईल. त्या गाठीवरच ती उभी होती, हे त्या हुशार माणसाच्या लक्षात आलं नाही. इतक्यांचे दहावे केले, घरी जाऊन झोप लागावी म्हणून शब्द देतो असं मला स्वतःच शिकवलं, आणि स्वतःच्या वेळी नेमकं तेच विसरले. मला त्यांचा राग आला. तो फार टिकला नाही.

महिन्याभरात निखिलचा त्यांना फोन आला, तो रजा घेऊन डोंबिवलीला आला होता. तेव्हा ते माझ्या दुकानात होते, त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, काय झालंय आईला? रोज स्वयंपाक करते, बाबांच्या आवडीचं काय काय, आणि गच्चीवर पान ठेवून येते. कावळा शिवल्याशिवाय जेवत नाही."

"शिवत नाही का?" टिपणीसांनी विचारलं.

"शिवतो ना! रोज येतो, सगळं खाऊन जातो. तोच तर लोचा आहे. आई म्हणते, त्याला काय, तो भुकेला होता म्हणून आला. परत दुसरं पान ठेवते. तोही खातो. म्हणते, हाही भुकेलाच. मग नुसता चहा घेऊन पडते. काका, तिचं वजन किती उतरलंय, तुम्ही बघा येऊन. मी डॉक्टरकडे नेतो म्हटलं तर येत नाही. म्हणते, मला काही झालेलं नाही, यांचं काहीतरी राहिलंय."

टिपणीसांनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. आता कुठलाही कावळा त्या बाईला पुरणार नव्हता, आणि ही व्यवस्था त्यांनी स्वतः केली होती.

"उद्या माझ्याबरोबर येशील?" ते म्हणाले. "तू तिथे होतास, म्हणून."

*

आम्ही गेलो तेव्हा दुपार टळायला आली होती. सुनंदाबाईंनी दार उघडलं. मी त्यांना ओळखलं ते चष्म्याच्या साखळीवरून, इतक्या त्या खंगल्या होत्या. पुढच्या खोलीत मशीनवर कापड झाकलेलं होतं. त्यांनी बसा म्हटलं नाही, आणि आम्ही बसलो नाही.

"मी तुमच्याशी खोटं बोललो," टिपणीस म्हणाले. आवाज खणखणीत होता, घाटावर असायचा तसा.

त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"भुकेचं, मागे सरायचं, ते सगळं मी रचून सांगितलं. मला तुम्ही हव्या होतात. तो शब्द आड येत होता म्हणून मी तो खोटा पाडला."

"आणि तेव्हा?" त्यांनी विचारलं. "घाटावर?"

"तेव्हा कुणी मागे सरलं नव्हतं. डोळे तुम्ही मिटलेत, मी मिटले नव्हते. मी शब्द दिला आणि तो तसाच, माणसांतून वाट काढत आला. श्रीधर समाधानानं गेला, वहिनी. मी बघितलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"शपथ घ्या," त्या टिपणीसांना म्हणाल्या. "मालतीताईंची."

टिपणीस थांबले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण मला तो जड गेला. या माणसानं बायकोच्या साडीचा काठ आठवावा म्हणून फोटो मोठे करून घेतले होते.

"मालूची शपथ," ते म्हणाले.

सुनंदाबाईंनी मशीनचा आधार घेतला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि चेहरा मात्र सुटत गेला, दुखणं उतरल्यावर सुटतो तसा. मग हळूहळू त्यांना दुसरी गोष्ट कळली. समोर उभा आहे तो माणूस कसा निघाला, ती. चेहरा पुन्हा बंद झाला.

"मेलेल्या मित्राबद्दल असं बोलवलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी? मी तुम्हाला काय समजत होते..." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पुन्हा येऊ नका, भावजी."

"नाही येणार," टिपणीस म्हणाले.

दार लागलं. मी दोन पायऱ्या उतरलो आणि मागे बघितलं तर टिपणीस आले नव्हते. ते दाराबाहेरच उभे होते, भिंतीला हात टेकून, कान आतल्या बाजूला. मी म्हटलं, काका, चला ना आता. मला तिथे एक क्षणही थांबवत नव्हतं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

आत बराच वेळ काही नव्हतं. मग नळ सुरू झाला, बंद झाला. डबा उघडल्याचा आवाज आला. पाट ओढल्याचा. थोड्या वेळानं ताटात वाटी ठेवल्याचा.

"जेवायला बसली," टिपणीस म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.